आकाशातल्या वावराबद्दल

वर्ध्याजवळचं आमचं गाव आंजी सोडून मी परदेशी शिकायला निघालो त्या दिवशी बाबा मला पोचवायला फाट्यावर आले नाहीत. १९७६ चा जून होता आणि आमच्याकडे पावसाआधीची धूळपेरणी चालू होती. साडेसात एकरांपैकी नाल्याकडच्या तीन एकरांत कपाशी चौफुलीने लावायची होती. ज्यांनी ते काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लांब दोरीला सारख्या अंतरावर चिंध्या बांधायच्या, ती या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत ताणायची आणि प्रत्येक चिंधीपाशी बायांनी सरकीचे दाणे टोबायचे. मग दोरी उचलून पुढे सरकवायची. ओळी उभ्या आणि आडव्या दोन्ही बाजूंनी सरळ आल्या की पुढे डवरा, म्हणजे बैलांचं कोळपं, दोन्हीकडून फिरतो आणि हाताने तण काढायचं निंदण कमी लागतं. पण ताणलेली दोरी सोडून माणूस उठला की ओळ बिघडते, आणि ती हंगामभर बिघडलेलीच राहते.

म्हणून निरोप घ्यायला मीच वावरात गेलो. बाबांनी दोरीचं टोक गुडघ्याखाली दाबून धरलं होतं. त्यांनी माझ्या नव्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "कुठीबी जाय, मोजणी आपल्या धुऱ्यापासून धरजो."

एवढंच बोलले. यात काही गूढ नव्हतं. लावणीची मोजणी वावराच्या मधूनच कुठून तरी सुरू केली की शेवटची ओळ शेजाऱ्याच्या वावरात जाते, हा त्यांचा साधा नियम होता. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, माझी पेटी सायकलवर बांधून फाट्यापर्यंत आणली आणि परत येताना तिकडची थोडी थंडी घेऊन येजो, इथं लय गरमी हाय, अशी फर्माईश केली. मायने जवसाच्या चटणीचा डबा दिला आणि तिकडं जवस मिळतो का ते आधी विचारून घ्यायला सांगितलं. मिळतो. पण इथे तो घोड्यांना घालतात, हे मी तिला कधी कळवलं नाही.

हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे. कारण माझ्या नावाने जी गोष्ट गेली काही वर्षं फिरते आहे, ती या दोरीपासून सुरू होत नाही. ती मधूनच सुरू होते, आणि म्हणून शेजाऱ्याच्या वावरात गेली आहे.

बाबा गेल्या वर्षी वारले. इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या पत्रिकेत त्यांच्यासाठी चार ओळींचा मजकूर आला. त्यात शेवटी लिहिलं होतं की शामरावजी आता आकाशातल्या आपल्या कपाशीच्या वावरात कायमचे गेले. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, हे मला माहीत आहे. हेतू चांगला असलेल्या माणसांवर रागावणं अवघड जातं, म्हणूनच हा राग इतका साठला. त्यानंतर रविवारच्या मराठी वर्गात बाईंनी मुलांना चित्र काढायला सांगितलं, आणि माझी मुलगी काळ्या कागदावर कापसाची बोंडं आणि पांढरी टोपी घातलेले आजोबा काढून घरी घेऊन आली. ते चित्र आमच्या फ्रिजवर लावलेलं आहे. ते मला काढून टाकता येत नाही आणि बघवतही नाही. आता स्मरणिकेसाठी मंडळाने माझ्याकडे 'मातीच्या गोड आठवणी' मागितल्या आहेत. घ्या. या मी आंजीच्या लोकांसाठीही लिहितो आहे आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही.

पहिली सहा वर्षं सांगण्यासारखी नाहीत. एक खोली, नाणं टाकल्यावर पेटणारी गॅसची शेगडी, ओले मोजे, मग पीएच.डी., मग त्याच विद्यापीठात संशोधकाची नोकरी, मग लग्न, मॉर्गेज आणि सेंट्रल हीटिंग. तुमच्यापैकी बहुतेकांचंही हेच झालेलं आहे. वेगळं एवढंच की १९८२ मध्ये आमच्या गटाला सुपरकॉम्प्युटरवर वेळ मिळाला.

ते मशीन आमच्या विद्यापीठाच्या गावात नव्हतंच. आम्ही आमच्या टर्मिनलवरून काम पाठवायचं, ते तिकडे रांगेत उभं राहायचं, आणि उत्तरं मॅग्नेटिक टेपच्या रिळांवर गाडीने यायची. काम काय, तर विश्व कसं घडलं ते आकड्यांत पुन्हा घडवून बघायचं. आकाशातल्या दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे समूह, सगळीकडे सारख्या विखुरलेल्या नाहीत. त्या धाग्यांसारख्या ओळींत आणि गाठींत जमलेल्या दिसतात आणि मधे प्रचंड पोकळ्या आहेत. हे असं का झालं? आम्ही कल्पनेतला एक चौकोनी डबा घ्यायचो, त्याची बाजू कोट्यवधी प्रकाशवर्षांची. त्यात बिंदू मांडायचो. एका बाजूला बत्तीस, दुसरीकडे बत्तीस आणि उंचीला बत्तीस थर, एकूण बत्तीस हजार सातशे अडुसष्ट. एकेक बिंदू म्हणजे एखाद्या दीर्घिकेहून जास्त वस्तुमान. प्रत्येकाला क्रमांक. सुरुवातीचं विश्व जवळजवळ सपाट होतं, म्हणून बिंदू सारख्या अंतरावर मांडायचे, प्रत्येकाला नियमाप्रमाणे किंचित धक्का द्यायचा आणि पुढचं गुरुत्वाकर्षणावर सोडायचं. प्रत्येक बिंदू बाकी सगळ्यांना ओढतो. मशीन पायरीपायरीने हिशोब करत जातं आणि डब्यात हळूहळू धागे, गाठी आणि पोकळ्या तयार होतात.

मांडणीचा प्रोग्राम माझ्याकडे होता. उभ्या ओळी, आडव्या ओळी, सारखं अंतर. तो लिहिताना मला काय आठवलं असेल ते सांगायला नको.

पहिलं मोठं उत्तर आलं तेव्हा आम्ही ते प्लॉटरवर काढून चहाच्या खोलीतल्या टेबलावर पसरलं. चित्र देखणं होतं. धागे होते, गाठी होत्या. आणि पोकळ्यांमध्ये, जिथून बहुतेक वस्तुमान ओढून नेलं गेलं होतं तिथे, उरलेले बिंदू सरळ रांगांत उभे होते. उभ्या आणि आडव्याही. एका पाहुण्या शास्त्रज्ञाला वाटलं की विश्वाच्या पोकळ्यांतही काही रचना आहे आणि आपल्याला ती सापडली. दोघंतिघं सरसावले. तेव्हा मी जे बोललो ते मला शब्दशः आठवतं, कारण ते मी फार विचार करून बोललो होतो. मी म्हणालो, "हे निसर्गाचं काम नाही. माझे वडील कापूस असाच लावतात. इतकी सरळ ओळ दोरी धरलेला माणूसच काढतो. ही दोरी आपली आहे."

म्हणजे आम्ही सुरुवातीला जे मांडलं तेच, जिथे फारशी हालचाल झाली नाही तिथे, शिल्लक राहिलं होतं. ती विश्वाची रचना नव्हती, आमच्या पद्धतीची खोट होती. तपासून पाहिलं, तसंच निघालं. शोधनिबंधात चित्राखाली मी स्वतः लिहिलं की पोकळ्यांतल्या नियमित रांगा या सुरुवातीच्या मांडणीचा अवशेष आहेत, त्यांना अर्थ देऊ नये. हे वाक्य छापलेलं आहे. कुणीही पाहू शकतो.

पण चित्राखालची वाक्यं कोण वाचतं? माझ्या चार वाक्यांमधलं एकच, दुसरं, चहाच्या खोलीतून बाहेर पडलं. आमचे प्राध्यापक परिषदांमध्ये ते चित्र दाखवायचे आणि सांगायचे की माझ्या भारतीय सहकाऱ्याला विश्वाच्या पोकळीत आपल्या वडिलांचं कापसाचं शेत दिसतं. लोक हसायचे. छान, मोकळं, प्रेमळ हसायचे. मी प्राध्यापकांना दोनदा सांगितलं की मी असं म्हणालो नव्हतो, मी याच्या नेमकं उलट म्हणालो होतो. त्यांना माझ्या रागाचं आश्चर्य वाटलं. त्यांच्या मते ती गोष्ट फार गोड होती. तेव्हापासून मला गोड या शब्दाचीच चीड आहे.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक ग्रीक संशोधक बसायचा. हेच त्याने म्हटलं असतं तर ते निरीक्षण ठरलं असतं आणि त्याच्या नावावर लागलं असतं. मी म्हटलं तर ती वडिलांची आठवण झाली. मी पुरावा दिला होता. रांगेने लावलेलं पीक आणि आपोआप उगवलेलं गवत यांतला फरक मला लहानपणापासून कळतो, म्हणून ती खोट मला आधी दिसली. हे कौशल्य आहे. त्याला कुणी कौशल्य म्हटलं नाही. त्यांनी ते घराच्या ओढीत जमा करून टाकलं.

हे झालं विद्यापीठातलं. आता आपल्या लोकांचं.

त्या वेळचे मंडळाचे चिटणीस नागपूरचे. विद्यापीठातल्या एका खुल्या व्याख्यानाला ते येऊन बसले, त्यांनी ती गोष्ट ऐकली आणि अभिमानाने भरून येऊन नागपूरच्या एका वर्तमानपत्राला कळवली. मला विचारलं नाही. बातमीचा मथळा होता, 'आकाशात वर्ध्याची कपाशी'. बातमीत तीन वाक्यं आणि पाच चुका होत्या. शेतकऱ्याच्या मुलाने महासंगणकाच्या साहाय्याने शोधून काढलं की ईश्वराने विश्व चौफुली पद्धतीने पेरलं आहे, असा तिचा आशय होता. विद्यापीठात माझ्या पुराव्याची आठवण झाली होती. आपल्या लोकांत त्याचा चमत्कार झाला. पुरावा म्हणून तो कुणालाच नको होता.

बातमी आंजीच्या शाळेत मास्तरांनी मोठ्याने वाचून दाखवली. बाबांना बोलावून घेतलं होतं. मी पत्राने कळवलं की हे चूक आहे, सावकाश समजावून सांगेन. दादाचं उत्तर आलं की गावाने सत्कार ठरवला आहे, डिसेंबरात येजो.

१९८४ च्या डिसेंबरात गावी गेलो तेव्हा बाबा फाट्यावर उभे होते. जाताना आले नव्हते, पण आता आले होते, नवी टोपी घालून. वेचणीचे दिवस होते. वाटेत भेटेल तो त्यांना हाक मारत होता. एकाने विचारलं, "काय शामरावजी, आभाळातला वेचा झाला का नाई?"

बाबा न थांबता म्हणाले, "औंदा वरती मजूरच भेटून नाई राह्यले."

सगळे हसले, बाबाही हसले. मी माझ्या वडिलांना भर रस्त्यात असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. आयुष्यभर जिनिंग कारखान्याच्या आवारात कापसाची गाडी घेऊन रांगेत उभा राहणारा माणूस. त्यांना आता लोक पुढे बोलावून चहा पाजत होते. हे मोडायचं होतं, आणि ते मलाच मोडायचं होतं.

घरी पाय धुतल्याबरोबर मी सांगितलं, "बाबा, ते आभाळात नाही. आमच्या हिशोबात राहिलेली खोट आहे ती."

बाबा म्हणाले, "बरं बरं. सत्काराच्या मानसाले असंच बोला लागते."

ही माझी अडचण तुम्ही नीट समजून घ्या. आपल्याकडे ज्याचा सत्कार असतो त्याने मी काही केलंच नाही असं म्हणायचं असतं. तो रिवाज आहे. हार घालणाऱ्याला ते आधीच ठाऊक असतं, आणि हार घेणारा तसं म्हणाला नाही तर लोक त्याला गर्विष्ठ म्हणतात. मी खरं सांगत होतो, आणि ते रिवाजात बसत होतं. खोटं सांगितलं असतं तर कदाचित कुणी तपासलं असतं.

दादाला मात्र कळलं. तो मला गोठ्याकडे घेऊन गेला आणि म्हणाला, "तू काय म्हणून राह्यला ते मले समजलं. पण उद्या चूप राह्य. आजपावतर बाबानं दुसऱ्याच्याच गळ्यातले हार पाह्यले. एक दिवस चालते."

मी त्याला जुनी गोष्ट आठवून दिली. एकदा वेचणाऱ्या बाया धुऱ्यापलीकडे जाऊन शेजाऱ्याची अर्धी ओळ चुकून वेचून आल्या होत्या. कापूस आमच्या ढिगात मिसळून गेला होता. बाबांनी अंदाजापेक्षा जरा जास्तच, टोपलीभर कापूस शेजाऱ्याच्या ओट्यावर नेऊन ओतला होता. तो माणूस नको नको म्हणत होता.

दादा म्हणाला, "तो कापूस होता रे. हे आभाळ हाय. याचा शेजारी कोन?"

पण जे आपलं नाही ते बाबांच्या गळ्यात घातलं जात असताना गप्प बसणं मला जमणार नव्हतं, आणि ते मला त्यांनीच शिकवलं होतं.

शाळेच्या मैदानात मांडव होता. जिल्ह्यातले एक पुढारी अध्यक्ष होते. त्यांनी भाषणात विज्ञान, अध्यात्म आणि कापूस एकत्र कालवले आणि आधी माझ्या, मग बाबांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. बाबांना बोलायला सांगितलं. ते कधी मंचावर चढले नव्हते. माईकपासून हातभर लांब उभे राहून म्हणाले, "चौफुली मी माह्या बापापासून शिकलो. देव कोनापासून शिकला, मले माहीत नाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्याही वाजल्या. वाक्य चांगलं होतं. ते त्यांनी दोन महिने मनात घोळवलं असणार.

मग मी उठलो. मी म्हणालो की ही बातमी चुकीची आहे. आकाशात अशी ओळ नाही. आम्ही हिशोबासाठी बिंदू रांगेने मांडले आणि त्या रांगा काही ठिकाणी तशाच राहिल्या. ही दोरी आमची होती. यात शोध नाही, आणि माझ्या वडिलांच्या शेतीचा देवाशी काही संबंध नाही.

टाळ्या पडल्या. मी म्हणालो, टाळ्या वाजवू नका, मी खरं सांगतो आहे. जास्त टाळ्या पडल्या. पुढाऱ्यांनी माईक ओढून घेतला आणि विद्या विनयेन शोभते असं म्हणून ते माझ्याकडे कौतुकाने बघत राहिले. मला आयुष्यात इतकं असहाय कधी वाटलं नाही. आरडाओरडा केला असता तरी त्यांनी त्याला विनयच म्हटलं असतं.

त्या मांडवात दादाखेरीज एकाच माणसाला कळलं. मी दोरी म्हणालो तेव्हा बाबांनी मान वर केली. दोरीची ओळ आणि आपोआप आलेली ओळ यांतला फरक त्यांना समजावून सांगावा लागत नव्हता. त्यांनी गळ्यातला हार काढला, व्यवस्थित घडी करून खुर्चीवर ठेवला आणि पुन्हा उभे राहिले. म्हणाले, "पोरगं खरं सांगून राह्यलं. हा हार माहा नाई."

सगळ्यात मोठ्या टाळ्या त्याला पडल्या.

घरी परत येताना बाबा माझ्या चार पावलं पुढे चालत होते. जेवताना दादा मायजवळ म्हणत होता की हा तिकडून एवढ्या दूर आला तो बापाचं झालेलं नाव पुसाले आला. मायला तेव्हा दिसत फार कमी होतं. तिने हाताने चाचपून माझ्या ताटात भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला वावरात घेऊन गेले. धुऱ्यावर बसले, तुरीची एक काडी मोडून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दाखव."

मी मातीत ठिपके काढले. उभे, आडवे. मग कुठे कुठे ओढ लागते आणि ठिपके कसे सरकत जातात ते दाखवलं, एका बाजूला गाठ काढली, एका बाजूला मोकळी जागा. त्यांनी विचारलं की दोरी कोणाची. आमची. ठिपके कोणी टोबले? आम्हीच. मग ओळी कुठे उरल्या? मी सांगितलं, जिथले ठिपके फारसे हलले नाहीत तिथे. आणि मला वाटलं, आता त्यांना बरं वाटेल असं काही बोलावं. आदल्या दिवशी त्यांचा हार गेला होता. मी म्हणालो, म्हणजे आपल्यासारखंच की बाबा. आम्ही निघून गेलो ते सगळे कुठे कुठे गुंतलो, आणि तुम्ही गावातले लोक आपापल्या ओळीत तसेच राहिलात.

मी आयुष्यात त्यांना माझ्यावर इतकं संतापलेलं पाहिलं नव्हतं. आवाज चढवला नाही. काडी माझ्या हातातून घेतली.

"आमी राह्यलो म्हणजे आमचं काई झालंच नाई, असं समजू नोको. हीर खचली ते इथंच. दोन साल डोक्यावर पानी आनून मिरची जगवली ते इथंच. तुह्या मायचे डोळे गेले. दादाचं पहिलं लेकरू गेलं, तुले चिठ्ठीत एक ओळ लिहिली होती. तू गेला ते साऱ्या गावाले दिसलं. आमी राह्यलो ते कोनाले दिसलं नाई." मग म्हणाले, "हाललो नाई म्हणे."

त्यांनी पायाने ते ठिपके मोडून टाकले आणि वेचणाऱ्या बायांकडे निघून गेले.

प्राध्यापकांवर, चिटणीसांवर, पुढाऱ्यांवर माझा राग होता तो होताच. पण ते सगळे जी चूक करत होते तीच मीही करायला निघालो होतो. गाव म्हणजे हललं नाही ते. गाव म्हणजे आपण जिथून निघालो ती पहिली मांडणी, जशीच्या तशी, आपण परत येऊन बघू तोपर्यंत आपल्यासाठी जपून ठेवलेली. निघून आलेल्या प्रत्येकाला हे पटतं, कारण ते सोयीचं आहे. आपल्यावर काय काय गुजरलं ते सांगायला आपल्याकडे स्मरणिका आहेत. मागे राहिलेल्यांवर काय गुजरलं ते चिठ्ठीतल्या एका ओळीत मावतं असं आपण धरून चालतो.

निघायच्या दिवशी बाबा फाट्यावर आले. बस दिसली तेव्हा म्हणाले, "आता हे मोडनार कोन? मी तं सांगून पाह्यतो."

आणि त्यांनी खरंच सांगून पाहिलं. जिनिंगच्या आवारात, बाजारात, लग्नात. दादाच्या पत्रांतून मला कळायचं. बाबा म्हणायचे, वरती काई नाई, ते पोराईच्या दोरीचं हाय. आणि लोक म्हणायचे, शामरावजी, किती हा मोठेपणा. एकदा अमरावतीहून कुणी लेख लिहायला आलं होतं. बाबांनी त्याला वावर दाखवलं, विहीर दाखवली, ती पुन्हा कशी बांधली ते सांगितलं. छापून आलं ते आकाशातल्या कपाशीबद्दल. विहिरीचा उल्लेख नव्हता. शेवटच्या वर्षात त्यांनी सांगणं सोडलं. कुणी विचारलं की तोंड फिरवून बसायचे, आणि लोक त्याला विरक्ती म्हणायचे.

गेल्या वर्षी ते गेले तेव्हा मी पोचलो तोवर पवनारला धाम नदीत राख सोडण्यापर्यंत सगळं उरकलं होतं. दादा मला घ्यायला वर्ध्याला आला. आमच्यात तो सत्कार तेव्हापासून होताच, न बोलता. गावाजवळ आल्यावर तो म्हणाला, "तू तवा सांगतलं ते बरं केलं. त्याईले निदान ठाव होतं का हार कायचा होता." त्याच्याकडून मला याहून जास्त काही नको होतं.

आता तुम्ही विचाराल, मग घर म्हणजे काय? स्मरणिकेत शेवटी हे यावं लागतं.

आमच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक बिंदूला क्रमांक होता हे मी सांगितलं. तो बिंदू पुढे कितीही दूर ओढला गेला, कितीही दाट गाठीत जाऊन बसला, तरी त्याच्या क्रमांकावरून तो मुळात कोणत्या ओळीत, कोणत्या थरात टोबला होता ते काढता येतं. साधा भागाकार आहे. माझंही तसंच आहे. माझी मोजणी मी अजून त्याच धुऱ्यापासून धरतो, ते मला कुणी विसरायला लावू शकत नाही. पण त्या भागाकारातून एवढंच कळतं की बिंदू कुठे ठेवला होता. ती जागा आज कशी आहे हे त्या क्रमांकात नाही. कोणत्याही मशीनला ते विचारून उपयोग नाही. ते तिथे जाऊनच बघावं लागतं, आणि तिथे राहणाऱ्यांना विचारावं लागतं, आणि ते सांगतील ते ऐकून घ्यावं लागतं. मी जाऊन पाहिलं म्हणून सांगतो. नाल्याकडच्या तीन एकरांत दादाने दोन वर्षांपासून सोयाबीन पेरायला घेतलं आहे. ते तिफणीने, म्हणजे तीन फणांच्या पाभरीने, पेरतात, त्याला चौफुली लागत नाही. दोरी गोठ्यात खुंटीला आहे, तिने सध्या वासरू बांधतात.

तेव्हा मंडळाला माझी विनंती आहे की मुलांना आता दुसरं काही काढायला सांगा. ज्यांना माझ्या वडिलांबद्दल आदर दाखवायचा आहे त्यांनी विहिरीबद्दल विचारावं, ती पुन्हा कशी बांधली ते दादा सांगेल. आकाशात आमचं वावर नाही. ते आंजीला आहे, साडेसात एकर, आणि तिथे जायला वर्ध्याहून बस मिळते.